डब्याच्या झाकणावर नाव का नसतं?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण आहे आपल्या मताचा, आपल्या नावाचा आणि आपल्या भाषेचा.

गेल्या नोव्हेंबरात बहिणीकडे बोरिवलीला गेलो होतो. संध्याकाळी तिच्या सोसायटीच्या ऑफिसात चार निवृत्त मंडळी टेबलाभोवती बसलेली. समोर महापालिका निवडणुकीच्या प्रारूप मतदार यादीचे छापील कागद. एकाच्या हातात फूटपट्टी, दुसऱ्याच्या हातात लाल पेन. एकजण नाव मोठ्याने वाचायचा, बाकीचे आपापल्या गठ्ठ्यात तेच नाव शोधायचे. सापडलं की लाल खूण. दोन तासांत तीन पानं झाली होती.

पार्श्वभूमी बहुतेकांना आठवत असेल. २० नोव्हेंबर २०२५ ला मुंबईची प्रारूप यादी आली. मतदार १ कोटी ३ लाखांच्या वर. त्यात सुमारे ४ लाख ३३ हजार मतदारांची नावं एकाहून जास्त वेळा आल्याचा संशय, आणि अशा नोंदींची बेरीज ११ लाखांच्या घरात. या संशयित नावांपुढे यादीत दोन तारे छापायचं राज्य निवडणूक आयोगाने ठरवलं होतं. तारे असलेल्या मतदाराने कुठल्या केंद्रावर मत देणार ते लेखी सांगायचं, म्हणजे दुसरीकडे त्याच्या नावावर मत पडणार नाही. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि विषय मागे पडला.

त्या ऑफिसात बसलेल्या एका काकांचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो आत डोकावला आणि म्हणाला, "बाबा, हीच यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असती ना, तर तुमचं हे काम चहा उकळेपर्यंत झालं असतं."

काका म्हणाले, "हाही मजकूरच आहे की. वाचतोय ना मी."

तो म्हणाला, "तुम्ही वाचताय. मशीनला वाचता आला पाहिजे."

या दोन वाक्यांमधलं अंतर हाच आजचा विषय. माणसाला वाचता येणारी माहिती आणि माणूस व मशीन दोघांनाही वाचता येणारी माहिती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि गंमत म्हणजे, हा प्रश्न मुंबईने कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी सोडवला होता. लोखंडी डब्याच्या झाकणावर.

डबेवाल्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १८९० च्या सुमाराला महादू हावजी बच्चे यांनी घरचा डबा ऑफिसात पोचवायचं काम सुरू केलं असं मानतात. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव, अकोले या भागातली माणसं या धंद्यात आली. १९५६ मध्ये ट्रस्टची नोंदणी झाली. बहुतेकांचं शिक्षण जेमतेम शाळेपुरतं. आणि काम असं की डबा एकाच माणसाच्या हातात राहतच नाही. घरून एकजण उचलतो. स्टेशनाबाहेर डब्यांची वाटणी होते, मालडब्यातून दुसरा नेतो, उतरल्यावर पुन्हा वाटणी, आणि ऑफिसच्या दारात पोचवणारा तिसरा-चौथाच कुणीतरी. दुपारी हाच प्रवास उलटा.

आता विचार करा. अंधेरीत डबा उचलणाऱ्याला माहीत असतं की हा कुणाचा, कुठे जायचा. पण चर्चगेटला तो हातात घेणाऱ्याला काहीच माहीत नाही. पहिल्याच्या डोक्यातली माहिती चौथ्याच्या डोक्यात कशी जायची? दोघांची गाठही पडत नाही. मोबाइल तर नव्हतेच.

सुरुवातीला रंगीत दोरे, चिंध्या बांधत. डबे वाढले, रंग अपुरे पडले. मग झाकणावर रंगाने अक्षरं आणि आकडे आले. पुस्तकांमधून नेहमी दिलं जाणारं एक उदाहरण विलेपार्ल्याच्या डब्याचं आहे. झाकणावर काय असतं? व्हीएलपी: म्हणजे विलेपार्ले, डबा जिथून निघाला आणि रिकामा होऊन जिथे परतायचा ते स्टेशन. ई: पार्ल्यात कुणी उचलला त्याची खूण. ३: शहरात उतरायचा विभाग. ९: तिथे पोचवणाऱ्या माणसाचा क्रमांक. ईएक्स: एक्सप्रेस टॉवर्स ही इमारत. १२: मजला.

संपलं. सहा बारीक खुणा.

यात काय काय आहे ते नीट बघा. एक, प्रत्येक खुणेचा अर्थ ठरलेला आहे आणि तो सगळ्यांना ठाऊक आहे. दोन, प्रत्येक खुणेची जागा ठरलेली आहे. मधला ३ म्हणजे विभाग आणि कडेचा १२ म्हणजे मजला, त्यात गल्लत नाही. तीन, हे वाचायला कुठलं खास यंत्र लागत नाही, डोळे पुरतात. चार, ही पद्धत कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही, त्यामुळे कुणी उद्या उठून फी मागू शकत नाही.

आणि पाचवी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची. झाकणावर गिऱ्हाइकाचं नाव नसतं. घरचा पत्ता नसतो. फोन नंबर नसतो. पार्ल्यातला माणूस घर ओळखतो, नरिमन पॉइंटचा माणूस ऑफिस ओळखतो. मधल्यांना जेवढं लागतं तेवढंच झाकणावर. रस्त्यात डबा कुणीही पाहिला तरी त्याला एवढंच कळतं की पार्ल्याचा डबा बाराव्या मजल्यावर चाललाय. कुणाचा ते कळत नाही.

ही पाचवी गोष्ट लक्षात ठेवा. शेवटी तिच्याकडे परत यायचंय.

कॉम्प्युटरवाले ज्याला डेटा फॉरमॅट म्हणतात ते म्हणजे हेच. फॉरमॅट म्हणजे ठराव. पाठवणारा आणि घेणारा यांच्यात आधीच झालेला ठराव, की कुठली खूण कुठे लिहायची आणि तिचा अर्थ काय. ठराव पाळला तर अनोळखी माणसांच्या चार हातांतून गेलेला डबाही बरोबर ताटासमोर येतो. ठराव मोडला तर काय होतं, ते मी स्वतः भोगलंय.

साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तालुक्याच्या गावातून मुंबईतल्या एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. ग्रामपंचायतींचे निकाल लागले. सायबर कॅफेत बसून विजयी उमेदवारांची यादी टाइप केली, ईमेल केली आणि निवांत झालो. अर्ध्या तासात ऑफिसातून फोन. "अरे, तू पाठवलंयस काय? नुसते आकडे, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतेय." माझ्याकडचा फॉन्ट त्यांच्याकडे नव्हता. शेवटी नव्वदएक नावं फोनवरून वाचून दाखवली आणि तिकडच्या ऑपरेटरने ती पुन्हा टाइप केली. दुसऱ्या दिवशी पेपरात एका वॉर्डात हरलेल्या माणसाचं आडनाव विजयी म्हणून छापून आलं. जिंकलेला माणूस पेपर घेऊन माझ्या दारात. पुढचे सहा महिने तो मला चहाच्या टपरीवरही सोडत नव्हता.

चूक कुणाची होती? माझी नाही, ऑपरेटरची नाही. ठरावच नव्हता.

कॉम्प्युटरला अक्षरं कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. म्हणून कुठल्या अक्षराला कुठला आकडा, हे ठरवावं लागतं. इंग्रजीसाठी अमेरिकेत १९६३ मध्ये आस्की नावाचा ठराव झाला. त्यात जागा १२८. इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं त्यात बसली. देवनागरीला जागाच नव्हती. भारतात इस्की नावाचं प्रमाण आलं, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ते स्वीकारलं, पुण्याच्या सी-डॅकने त्यावर मोठं काम केलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यात देवनागरी होती. म्हणजे ठराव झाला होता! पण डीटीपीच्या दुनियेत तो पाळला कुणी? श्रीलिपी, आकृती आणि असे कितीतरी फॉन्ट आपापल्या सोयीने चालले. इंग्रजीच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले, आणि तेही प्रत्येकाने आपल्या पद्धतीने. याच्या फॉन्टमधला 'क' त्याच्या फॉन्टमध्ये भलतंच काहीतरी. छापून आलं की सुंदर दिसायचं. पण छापून येईपर्यंतच.

परिणाम काय झाला? नव्वदच्या दशकापासून पुढच्या पंधरा-वीस वर्षांतला मराठीतला प्रचंड मजकूर, वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, सरकारी परिपत्रकं, अशा फाइलींमध्ये अडकला, ज्या आज उघडल्या तर खिचडी दिसते. इंग्रजीतली १९८० ची फाइल आज कुठेही उघडते. मराठीतली २००० सालची उघडत नाही. हे आपल्या भाषेचं नुकसान आहे आणि त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

युनिकोड रुळल्यावर परिस्थिती सुधारली. व्हॉट्सॲपवर मराठी सहज जातं ते त्यामुळेच. पण गाठ पूर्ण सुटलेली नाही. 'कऱ्हाडकर' हे आडनाव घ्या. त्यातला तो वळणदार अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. पण आतले आकडे वेगळे, म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे कऱ्हाडकर. आता हेच एक कोटी नावांच्या यादीत ठेवून बघा. जे दुबार आहेत ते सापडणार नाहीत, हे त्यातलं एक संकट. तपासणारा मराठीचा जाणकार असेल तर दोन्ही रूपं आधी एकसारखी करून घेईल. नसेल तर नाही.

अक्षरांचा ठराव झाला. पण अक्षरं पोचली म्हणजे माहिती पोचली असं नाही. 'पाटील सुरेश ४७ ९२' एवढंच लिहून पाठवलं तर ४७ हे वय की घर क्रमांक? ९२ म्हणजे काय? इथे झाकणासारखा दुसरा ठराव लागतो.

सगळ्यात जुना, सोपा मार्ग म्हणजे स्वल्पविराम. एका ओळीत एक नोंद, प्रत्येक रकान्याच्या मध्ये स्वल्पविराम. याला सीएसव्ही म्हणतात. एक्सेल वापरणाऱ्यांना माहीत असेल. यात रकान्याचा क्रम पाठ हवा, आणि पत्त्यातच स्वल्पविराम आला की गडबड होते. मग १९९८ मध्ये एक्सएमएल हे प्रमाण आलं. त्यात सगळं काटेकोर, पण इतकं लांबलचक की भाजीपेक्षा पिशवी जड.

२००१ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात डग्लस क्रॉकफर्ड आणि चिप मॉर्निंगस्टार हे दोघे एका गॅरेजमध्ये बसून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याकडे निरोप पाठवायचा प्रयत्न करत होते. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट ही भाषा आधीपासूनच होती, आणि त्या भाषेत माहिती लिहून ठेवायची एक सुटसुटीत पद्धत होती. ती तशीच उचलून त्यांनी निरोप पाठवला. पहिला निरोप पोचला, पण उघडला नाही. कारण त्यात एका रकान्याचं नाव 'डू' असं होतं आणि जावास्क्रिप्टमध्ये हा शब्द राखीव आहे. उपाय काय? राखीव शब्दांची भलीमोठी यादी सगळ्यांना पाठ करायला लावायची, की रकान्याचं प्रत्येक नाव सरसकट अवतरणचिन्हात टाकायचं? त्यांनी दुसरा मार्ग घेतला. नियम जितका कमी तितका बरा.

या पद्धतीला पुढे जेसन नाव मिळालं, म्हणजे जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट नोटेशन. क्रॉकफर्ड स्वतः म्हणतात की हे मी शोधून काढलं नाही, मला ते सापडलं, आधीही लोक असंच लिहीत होते. त्यांनी फक्त त्याला नाव दिलं, नियम लिहिले आणि वेबसाइटवर टाकले. सगळे नियम मिळून व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर मावतात.

आपला पार्ल्याचा डबा जेसनमध्ये लिहिला तर असा दिसेल:

{
"स्टेशन": "विलेपार्ले",
"उचलणारा": "ई",
"विभाग": ३,
"पोचवणारा": ९,
"इमारत": "एक्सप्रेस टॉवर्स",
"मजला": १२
}

महिरपी कंसात एक नोंद. डावीकडे रकान्याचं नाव, मग दोन टिंबं, मग किंमत. दोन जोड्यांच्या मध्ये स्वल्पविराम, शेवटच्या जोडीनंतर नाही. मजकूर अवतरणात, आकडा अवतरणाशिवाय. एकाच रकान्यात बऱ्याच गोष्टी असतील, समजा घरातल्या तीन माणसांची नावं, तर ती चौकोनी कंसात ओळीने. हो-नाही प्रकारच्या उत्तरासाठी ट्रू आणि फॉल्स असे दोन शब्द. आणि माहितीच नसेल तर नल. एवढंच जेसन. जे आत्ता वाचलंत ते जवळजवळ सगळं आहे. (वर मी आकडे मराठीत लिहिलेत ते तुमच्यासाठी. खऱ्या फाइलमध्ये आकडा इंग्रजी अंकांतच लागतो. मराठी अंक अवतरणात घालून मजकूर म्हणून चालतात, पण मग मशीन त्यांची बेरीज करत नाही.)

या साध्या नियमांमागे शहाणपण आहे. दोन उदाहरणं देतो.

बोरिवली पश्चिमेचा पिन कोड ४०००९२. हा आकडा आहे का? दिसतो आकडा, पण त्याची बेरीज-वजाबाकी कुणी करत नाही. तो खरं तर नाव आहे. म्हणून तो अवतरणात हवा. मुंबईचा फोनचा कोड ०२२ जेसनमध्ये आकडा म्हणून लिहिताच येत नाही, कारण आकड्याच्या सुरुवातीला जादा शून्य चालत नाही. एक्सेलमध्ये असाच टाकलात तर शून्य खाऊन २२ उरतो. सरकारी तक्त्यांमध्ये मोबाइल आणि कोडची जी मोडतोड दिसते, त्यातली बरीच या एका चुकीची.

दुसरं उदाहरण नलचं. 'माहिती नाही' आणि 'शून्य' या वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मतदार याद्यांमधल्या 'घर क्रमांक ०' वरून देशभर वाद पेटला. विरोधकांनी विचारलं, शून्य क्रमांकाचं घर असतं का? मुख्य निवडणूक आयुक्तांनी खुलासा केला की ज्यांच्या घराला क्रमांकच मिळालेला नाही त्यांच्यापुढे शून्य लिहिलं जातं. आपल्या उपनगरातल्या कुठल्याही डोंगरावरच्या वस्तीत जा, घराला क्रमांक नसलेली माणसं भेटतील. ती खरी माणसं आहेत, खरे मतदार आहेत. पण रकान्यात 'क्रमांक दिलेला नाही' असं लिहायची सोय नसली आणि तिथे शून्य पडला, की खरा मतदार बोगस वाटायला लागतो आणि बोगस असलाच तर तोही त्याच शून्यात लपतो. एका खुणेच्या अर्थाचा ठराव नीट न केल्याची ही किंमत.

जेसन पुढे जगभर पसरलं. २०१३ मध्ये त्याचं औपचारिक प्रमाण झालं. तुम्ही मोबाइलवर रिक्षा बोलावता, लोकलचं तिकीट काढता, पैसे पाठवता, तेव्हा पडद्यामागे बहुतेक वेळा असेच महिरपी कंस इकडून तिकडे पळत असतात. आणि आपल्या सरकारलाही ते चांगलं ठाऊक आहे. मुलुंड-घाटकोपरच्या कुठल्याही दुकानदाराच्या सीएला विचारा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हापासून विवरणपत्राच्या ऑफलाइन टूलमधून जी फाइल तयार होऊन पोर्टलवर चढते, ती जेसन असते. आयकराच्या ऑफलाइन विवरणपत्राचंही २०२१ पासून तेच. तिथे तुम्ही वहीच्या पानाचा फोटो काढून चढवलात तर चालेल का? पोर्टल दारातूनच परत पाठवेल.

म्हणजे सरकारला आपल्याकडून माहिती हवी असते तेव्हा ती मशीनला वाचता येईल अशी, रकान्या-रकान्याची, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे न झालेली लागते. मग आपल्याला सरकारकडून माहिती हवी असते तेव्हा काय मिळतं? फोटो.

विधानसभा-लोकसभेच्या मतदार याद्या निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये असतात. २०१८ पासून ही पीडीएफ चित्राच्या स्वरूपात असते. दिसतं सगळं, शोधता काही येत नाही. मजकुराच्या स्वरूपात यादी मिळावी म्हणून कमलनाथ मध्य प्रदेशच्या यादीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले होते. १२ ऑक्टोबर २०१८ ला न्यायालयाने याचिका फेटाळली. यादी कुठल्या स्वरूपात द्यायची हे आयोगाने ठरवायचं, आणि ज्याला शोधता येईल अशी हवी त्याने स्वतः मेहनत घेऊन तशी करून घ्यावी, असा त्या निकालाचा सारांश. पालिकेच्या याद्याही विधानसभेच्या याद्या फोडूनच तयार होतात, त्यामुळे हा प्रश्न दिल्लीचा म्हणून सोडून देता येत नाही.

आयोगाची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. आयोगाचं म्हणणं मतदारांच्या खासगीपणाचं आहे. कोट्यवधी लोकांचं नाव, वय, पत्ता एका बटणावर मिळायला लागला तर त्याचा बाजार मांडणारे कमी नाहीत. आडनावावरून जात-धर्म काढून गल्लीनिहाय हिशेब करणारेही आहेत. ज्या बाईने छळाला कंटाळून घर सोडलंय, तिचा नवा पत्ता नवऱ्याला एका क्लिकवर मिळावा असं मलाही वाटत नाही.

पण चित्र देऊन हे थांबतं का? चित्रातला मजकूर ओळखणारी सॉफ्टवेअर आहेत. ज्याच्याकडे पैसा आणि माणसं आहेत, पक्ष असो की डेटा विकणारी कंपनी, तो ते करून घेतोच. मराठी जोडाक्षरांमध्ये चुका होतात, पण त्याचं काम भागतं. अडतं कुणाचं? फूटपट्टी घेऊन बसलेल्या त्या चार काकांचं. तालुक्याच्या पत्रकाराचं. आपलं नाव दुसऱ्या वॉर्डात गेलंय का ते बघणाऱ्या सामान्य माणसाचं. कुलूप असं लावलंय की चोराकडे किल्ली आहे आणि घरमालक बाहेर उभा.

इथे मला डब्याचं झाकण आठवतं. डबेवाल्यांनीही गिऱ्हाइकाचा खासगीपणा राखला. पण अक्षर पुसट करून नाही, की ओळखू येणार नाही असं वेडंवाकडं लिहून नाही. जे लिहायचं ते ठळक, स्पष्ट, कुणालाही वाचता येईल असं. जे लपवायचं ते लिहायचंच नाही. खासगीपणा कुठे राखायचा? रकाने ठरवताना. अक्षर अवाचनीय करून नव्हे.

मतदार यादीतही हे जमण्यासारखं आहे, आणि आयोगाला ते माहीत आहे. वेबसाइटवरच्या यादीत मतदारांचे फोटो देत नाहीत. म्हणजे 'हा रकाना सगळ्यांसाठी नाही' असा निर्णय घेता येतो. मग पुढचं पाऊल टाका. दुबार नावं शोधायला घराचा पूर्ण पत्ता लागतोच असं नाही. नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, प्रभाग, यादी भाग क्रमांक एवढ्यावर संशयित जोड्या निघतात. पुढची पडताळणी अधिकाऱ्याने करावी. कुठले रकाने खुले आणि कुठले बंद यावर खुली चर्चा व्हावी, पण जे खुले ते खऱ्या अर्थाने खुले असावेत. यात कुठल्या एका पक्षाचा फायदा-तोटा नाही. आज जो सत्तेत आहे तो उद्या यादीतलं आपलं नाव शोधत फिरणार आहे.

आणि हे फक्त मतदार यादीचं नाही. नालेसफाईची कंत्राटं, रस्त्यांचे खर्च, वॉर्डनिहाय पाणीपुरवठा, बजेटचे तक्ते, यातलं जे जे स्कॅन केलेल्या चित्रात मिळतं, ते कागदोपत्री खुलं आणि व्यवहारात बंद असतं. केंद्र सरकारचं २०१२ चं डेटा धोरणच सांगतं की सार्वजनिक माहिती मशीनला वाचता येईल अशा खुल्या स्वरूपात द्यावी. धोरण आहे. मागणारे हवेत.

म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(जे) मध्ये इलेक्ट्रॉनिक स्वरूपात माहिती मिळवण्याचा हक्क आहे. कायदा २००५ चा, म्हणून त्यात डिस्केट आणि फ्लॉपीचे उल्लेख आहेत, पण हक्क आजही तोच. आणि कलम ७(९) म्हणतं की माहिती सामान्यतः ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात द्यावी. कार्यालयाची यंत्रणा त्यामुळे अवाजवी अडकत असेल किंवा मूळ दस्तऐवजाला धोका असेल तरच अपवाद. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत बसवायचा असतो. त्यातले काही शब्द या एका वाक्यासाठी राखून ठेवा:

'मूळ माहिती संगणकावर उपलब्ध असल्यास ती स्कॅन न करता, युनिकोड मराठीत, सीएसव्ही किंवा जेसन फाइलमध्ये द्यावी.'

नाकारतील. काही जण हसतीलही. पण नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागेल, आणि लेखी कारणावर अपील करता येतं. दहा जणांनी मागितलं तर अर्जांचा गठ्ठा होईल. हजारांनी मागितलं तर पद्धत बदलेल.

बहिणीच्या सोसायटीतल्या त्या चार जणांनी शेवटी अकरा दुबार नावं शोधली. पंधरा दिवस, रोज दोन तास. सगळ्यात शेवटचं सापडलेलं नाव त्यांच्यापैकीच एका काकांचं होतं. आडनाव एका ठिकाणी ऱ्हस्व, दुसऱ्या ठिकाणी दीर्घ. काका हसले आणि स्वतःच्याच नावापुढे लाल खूण करून हरकतीचा अर्ज भरायला बसले.

वरचं वाक्य कॉपी करून घ्या. माझं नाव टाकायची गरज नाही.